खिळ्यावरची पाटी

आधीच सांगून टाकते. बायकांनी लघवीला कधी जायचं हे एका लाकडी पाटीवर सोपवण्याची अक्कल माझी. मला ती कुणी शिकवली नव्हती. माझ्याच डोक्यातून निघाली, आणि निघाली त्या दिवशी मी घरी येऊन आईला कौतुकानं सांगितलीही. आईनं मासळी साफ करता करता माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, हिला कारखान्यातलं काय कळणार!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वसई स्टेशनच्या पूर्वेला पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत आम्ही प्लास्टिकचे कंगवे बनवायचो. पुरुष मशीनवर, आणि वीस-बावीस बायका लांब टेबलाशी. कंगव्याच्या दातांत राहिलेलं फाजील प्लास्टिक ब्लेडनं काढायचं आणि डझनाडझनानं कागदात गुंडाळायचं, हे आमचं काम. मी जवळच्याच पापडी गावची, केळीच्या वाडीवाल्याची मुलगी, मॅट्रिक पास. दोन वर्षं त्या टेबलाशी बसले आणि शेठनं मला सुपरवायझर केलं.

झालं, बाई हवेत! वडिलांचं मोठं घड्याळ मनगटावर चढलं. ते कोपरापर्यंत घसरायचं आणि मी ते ऐटीत मागे सारायची. घरी आईशी जी बोली बोलायची ती शेडच्या दारात चपलेसारखी काढून ठेवायची आणि आत शिरताच रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागायची. ‘कृपया शांतता राखा.’ कंगवे करणाऱ्या बायकांना कृपया!

एक दिवस शेठ म्हणाला, ‘‘बायका उठतात फार. माल निघत नाही.’’ दुसऱ्याच दिवशी मी पाटी आणली. तळहाताएवढी, लाल रंगाची, वर ‘बाहेर’ लिहिलेलं. माझ्या टेबलाशेजारी दारापाशी खिळा ठोकला. जिला जायचं असेल तिनं पाटी घ्यायची, मी घड्याळ बघणार, ती परत येईपर्यंत दुसरीनं उठायचं नाही.

‘‘मॅडम, ही गळ्यात घालायची का हातात धरायची?’’ एकीनं विचारलं.

‘‘डोक्यावर घे, म्हणजे आत कोण बसलंय ते लांबून दिसेल,’’ दुसरी म्हणाली.

सगळ्या खो-खो हसल्या. मी हसले नाही. मॅडम हसत नसतात अशी माझी समजूत होती.

माल वाढला. शेठ खूश, मी शेठपेक्षा खूश. आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की एक बाई पाटी घ्यायला कधी येतच नाही. ती खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून चालत यायची, पन्नाशीची. कामावर नवी असताना पहिल्याच आठवड्यात मी बोट कापून घेतलं होतं, तेव्हा फडकं बांधून ब्लेड कसं धरायचं ते मला तिनं शिकवलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, ‘‘बघा, शिका यांच्याकडून. दिवसभर जागेवरून हलत नाहीत.’’ तिनं मान खाली घातली. मला तो विनय वाटला.

काही महिन्यांनी, एप्रिलमध्ये, वर पत्रा तापलेला असताना, ती कंगव्यांच्या ढिगावरच कलंडली. अंगात थंडी वाजून ताप आणि कंबर धरून कळा. तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडलीत, हे आजचं नाही. टांग्यात तिच्याबरोबर बसलेल्या बाईनं मला दवाखान्याच्या ओट्यावर खरं काय ते सांगितलं. पाटीच्या खिळ्याखाली माल उचलणारे हमाल बसायचे. कोण कितव्यांदा उठली ते मोजायचे, हसायचे. म्हणून हिनं सकाळपासून पाणी पिणंच सोडलं होतं.

हमाल माझ्यापासून चार हातांवर बसायचे. मी घड्याळ बघत होते.

मी पाटी काढली, चुलीत घातली. तेवढ्यानं काही झालं नाही. बायका तरीही दारापाशी थबकायच्या, रिकाम्या खिळ्याकडे बघून मगच बाहेर जायच्या. मग मी खिळाही उपटला आणि सगळ्यांना गोळा करून म्हटलं, ‘‘मनात काय असेल ते मोकळेपणानं बोला.’’ शेवटी टोकाला बसलेली एक पोरगी म्हणाली, ‘‘बोलायला पण पाटी घ्यायची का, मॅडम?’’ यावेळी कुणीच हसलं नाही.

दर महिन्याला मी चर्चमध्ये फादरपुढे पापं कबूल करायची. आईला उलट बोलले, रविवारची मिस्सा चुकवली. पाटीचं पाप कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते माझ्या लेखी काम होतं. सांगितलं तेव्हा फादरनी क्षमा दिली. ती मला कुठे ठेवू ते कळेना.

पुढे बरीच वर्षं मी बायकांच्या डोक्यावर उभी राहून नाही, तर बायकांच्या शेजारी बसून काम केलं. ब्लेड घेऊन, घरच्या बोलीत. लोक म्हणायचे, ही सुपरवायझर माणसासारखी वागते. आता साहेबीण झालेली माझी नात विचारते, हे कसं शिकलीस? मी विषय बदलते. दुसरीचं शरीर खर्चून शिकले, हे पोरीला कसं सांगू?

त्याच वर्षी पावसाळ्याआधी मी त्या आजारी बाईच्या घरी गेले होते, घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी घेऊन. तिला कामावर परत न्यायचं, बसून करायचं हलकं काम द्यायचं, असं शेठकडून कबूल करून घेतलं होतं. वाटभर भाषण पाठ केलं होतं. ती खाटेवर बसली होती. निम्मी झाली होती. भाषणातला एक शब्द आठवला नाही. ‘‘चुकलं गो माझं,’’ एवढंच आमच्या बोलीत आलं. ती रागावली नाही. उलट बायकांची चौकशी केली, माझं तेव्हा कापलेलं बोट बघितलं. परत येण्याचं विचारलं तर फक्त ‘नाही’ अशी मान हलवली.

सुनेनं आम्हा दोघींना पाणी आणलं. मी माझं संपवलं. तिनं ओठ ओले केले आणि पेला खाली ठेवला. मी म्हटलं, ‘‘प्या ना मावशी. डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय ना?’’

ती म्हणाली, ‘‘सगलीच सांगतात बाय, पानी पी, पानी पी. पन मला आता तानच लागत नाय.’’