आठ इंचाचं भोक

छताचं काम करणारा माणूस शिडीवर उभा राहून सकाळपासून एकच विचारत होता, "भोक किती इंचाचं पाडू?"

दिंडोशीच्या आमच्या घरात नवं छत बसत होतं आणि त्या छतात स्पीकर. मुलाला दुकानातले तयार हवे होते. सहा इंची, पांढऱ्या जाळीचे, बसवले की दिसतसुद्धा नाहीत. नात म्हणत होती, आजोबांचा जुना स्पीकर माळ्यावर पडलाय, त्याला मागून प्लायवूडचा डबा करू आणि तोच वर चढवू. तो आठ इंची. संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं, कारण मोठं भोक पडलं की लहान स्पीकर त्यात राहत नाही.

मी गप्प होते. मी गप्प बसले की घरातले घाबरतात, ते मला आवडतं. पण त्या दिवशी मीच घाबरले होते.

आमचे हे मरोळच्या एका कारखान्यात स्पीकर जोडायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा हा स्पीकर त्यांनी स्वतः बनवलेल्या खोक्यात बसवून खोलीत ठेवला होता. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "उलटो जोडलो तर ह्येचो माईक होता, गो. सगळा ऐकता." मी तेव्हा वीस वर्षांची, आणि अक्कल आठ वर्षांची. शेजारणीकडे सासूबाईंची गाऱ्हाणी सांगायची झाली की आधी स्पीकरवर टॉवेल टाकायचे. सासूबाईंनी एकदा तो टॉवेल बघितला. "ह्येका थंडी वाजता काय गो?" एवढंच म्हणाल्या.

एकदा घाईत टॉवेल ओढला आणि माझी बांगडी स्पीकरच्या पुढच्या काळ्या कागदात घुसली. चांगला दोन बोटं फाटला. कारखान्यातल्या माणसाची मी शहाणी बायको! भाताची शितं चोळून वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि वर काजळ फासलं, रंग जुळावा म्हणून. तेव्हापासून खर्जातला सूर आला की आत माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. यांना पहिल्याच गाण्याला कळलं. कागद बदलणं त्यांच्या हातचा मळ होता. बदलला नाही. ती माशी आली की माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा ऐकायला लागायचे.

ते गेल्यावर टॉवेल मीच काढून टाकला. दुपारी कुणी नसताना स्पीकरशी बोलायचे, भाजी काय केली, कोण आलं, कोण गेलं. मग एका दुपारी माशी वाजली. तारा केव्हाच सोडवलेल्या होत्या. खालून ट्रक गेला असेल, असं मुलगा म्हणाला. असेल. पण मी स्पीकर माळ्यावर टाकला, तोंड भिंतीकडे करून. तेव्हा मी नवी नवरी नव्हते, तरी धीर तेवढाच.

आता नातीने तो खाली आणला. काजळाचा डाग तसाच होता.

"आजी, हा फाटलाय गं. दुरुस्तीवाला नवा कागद घालून देईल."

"आणि हा तुकडा?"

"तो काढणारच ना. ही वाळलेली शितं ठेवून काय करायचंय?"

मुलाने तारा अ‍ॅम्प्लिफायरला जोडून मोबाइलवर काहीतरी लावलं. खर्ज आला आणि माशी वाजली. माझी मान आपोआप दाराकडे वळली, ते जिथे बसायचे तिकडे.

"ऐकलंस? हे असं डोक्यावर घेऊन झोपणार आहेस का तू?" मुलगा म्हणाला.

माळ्यावर परत टाकला तर पुढच्या साफसफाईत तो भंगारात जाणार, हे मला माहीत होतं.

"हॉलमध्ये तुझे सहाचे बसव," मी म्हटलं. "माझ्या खोलीत आठचं भोक. कागदाला हात लावायचा नाही."

"आई, किरकिर करेल तो."

"मीही करतेच ना, रे."

शिडीवरचा माणूस हसला आणि त्याने पेन्सिलीने गोल काढला.

आता जेवण झाल्यावर मी त्याच्याखाली आडवी होते. टॉवेल टाकायचा म्हटलं तरी हात पुरत नाही, म्हणून सुनेबद्दल काही बोलायचं असलं की स्वयंपाकघरात जाते. बाकीचं सगळं त्याला सांगते. तारा जोडायच्या राहिल्यात. मुलगा दर रविवारी विचारतो, जोडू का? मी म्हणते, काही घाई नाही.