बसलो नाही त्या रानाचे दाणे

पांडुरंगाने कुशाबाई कोळपे हिला अक्षर दिले नाही. पण डोळा असा दिला की दोनशे मेंढरांत आपले एक कोकरू मिसळले, तर ती बसल्या जागेवरून बोटाने दाखवी. न्हावऱ्याच्या माळावर पासष्ट उन्हाळे काढलेली ही बाई. अंगाने काटक, बोलण्यात थोडी, हसण्यात सढळ. पूर्वी तिचे घर मेंढरांच्या पाठीमागे चालत असे. आता घर एका जागी थांबले आहे. तीन एकर रान, साठ मेंढरे, आणि दारात एक पांढरा पिकअप. गाडी कागदावर कुशाबाईच्या नावाची. मुलगा माऊली म्हणाला होता, "आईच्या पायानं आली तर टिकंल." आणि गाडी टिकली होती.

तिच्या सासरच्या कळपाची खूण एकच. डाव्या कानाच्या खालच्या कडेला चंद्रकोरीएवढी खाच. माळावर चार घरांचे कळप एकत्र होत, धुळीत धूळ मिसळे, लोकरीत लोकर मिसळे. तरी सकाळी चारही घरे कान पाहून आपापली मेंढरे वेगळी करीत. कागद नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही. कोळप्यांनी 'आमचं' म्हटले की ते कोळप्यांचे. कोळप्यांनी 'आमचं न्हाई' म्हटले की त्यावर बोलणे संपले. या एका शब्दावर त्या घराच्या तीन पिढ्या पोट भरत आल्या.

आणि दाण्यांची रीतही तशीच. शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, रानाला लेंडीखत मिळायचे, आणि जितक्या रात्री मेंढरे बसली तितक्या रात्रींचे दाणे घरी यायचे. कुशाबाई नवी नवरी असतानाची गोष्ट. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका बागाईतदाराने पाच रात्रींची ज्वारी मोजून दिली. सासरे ज्ञानूआबा पोते उचलता उचलता थांबले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गारा पडल्या होत्या आणि कळप शाळेच्या ओट्याला नेऊन बांधला होता. बागाईतदाराला ते माहीत नव्हते. आबांनी एका रात्रीची ज्वारी ओंजळीने परत ओतली आणि म्हणाले, "बसलो न्हाई त्या रानाचं दाणं आमच्या चुलीवर शिजत न्हाईत." नव्या नवरीने ते ऐकले आणि पदराच्या गाठीत बांधावे तसे मनात बांधून ठेवले. आबा गेले, गाठ सुटली नाही.

गेल्या माघातला एक रविवार. त्या दिवशी कोळप्यांच्या दारात नव्या कोकरांचे कान कातरायचे होते. मेंढरांभोवती सुतळीचे जाळे लावले होते. पण जाळे एका बाजूला अपुरे पडले, म्हणून माऊलीने पिकअप त्या फटीत आडवा लावला. दिवस उगवल्यापासून दिवस कलेपर्यंत ती गाडी फाटकाचे काम करीत उभी होती. कुशाबाई तिच्याच चाकाला पाठ टेकून बसली होती. मांडीवर कोकरू, हातात कातर, वाटीत हळद.

दुपारी सून मोनिका मोबाइल हातात धरून आली.

"आत्या, टोल कापलाय. आपल्या गाडीचा. महामार्गाच्या नाक्यावर, आकरा वाजून बेचाळीस मिन्टांनी."

"कोनच्या गाडीचा?"

"ह्याच की. तुम्ही टेकून बसलाय ती."

कुशाबाईने मागे वळून चाकाकडे पाहिले. हाताने टायर चाचपला, जणू गाडी तिच्या नकळत चाळीस किलोमीटर जाऊन आली की काय. मग कोकराच्या कानाला हळद लावीत म्हणाली, "यंत्राला सांग, गाडी हितंच हाय."

मोनिकाने सांगितले. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा, असे करीत करीत सांगितले. आठ दिवसांनी उत्तर आले: कॅमेऱ्यात गाडी दिसते, तक्रार बंद. माऊली कोकरे घेऊन दौंडकडच्या बाजाराला निघाला तेव्हा नाक्यावर उतरून विचारून आला. परत आल्यावर तो जेवणाच्या ताटावर बसला.

"काय म्हनाला साहेब?" कुशाबाईने विचारले.

"काही न्हाई."

"माऊली."

"म्हनाला, सगळेच असं खोटं बोलत्यात. गाडी फिरवायची आन् नंतर घरी व्हती म्हनायचं. जाऊ दे आई. शंभर-सव्वाशेचा प्रश्न हाय. त्याच्यापायी बाजार बुडवायचा का?"

नुसते शंभर-सव्वाशे रुपये गेले असते तर कुशाबाईने ते वाऱ्यावर सोडले असते. पण आपली जनावरे कुठे होती आणि कुठे नव्हती, याबद्दल कोळप्यांच्या घराला आजवर कोणी खोटे म्हटले नव्हते. ज्या शब्दावर चार कळप वेगळे होत, त्या शब्दावर एका अनोळखी माणसाने खिडकीतून थुंकावे, आणि घरातल्या लेकाने ते पुसून ताट पुढे ओढावे? तिने आपली भाकरी पाटीत झाकून ठेवली.

"पुढच्या बाजाराला मला ने," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मागे अकरा कोकरे आणि पुढे खांद्यावर घोंगडी घेतलेली कुशाबाई, असा तो पिकअप नाक्याच्या रांगेत शिरला. खिडकीपाशी येताच ती खाली उतरली आणि लोखंडी आडव्या दांड्यासमोर उभी राहिली. मागे हॉर्न सुरू झाले. एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढली, "माताजी, ज़रा जाने दो ना, माल लेट हो रहा है." त्याच्या मागे तळेगाव ढमढेऱ्याचा जालिंदर, टेम्पोत टोमॅटोचे क्रेट. तो ओरडला, "मावशे, तिथं आरती म्हनू नको, माझ्या टोमॅटोचा रस व्हाया लागलाय."

आतून पर्यवेक्षक दारात आला. कारेगावचा सुमित, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"आजी, लाइन अडवू नका."

"ह्यांचा खोळंबा मला करायचा न्हाई," कुशाबाई म्हणाली. "माऊली, गाडी कडंला घे. मी हितं बसते."

तिने कार्यालयाच्या दारात घोंगडी अंथरली आणि त्यावर मांडी घातली, जशी ती माळावर कळपाच्या तोंडाशी बसे. आत जाणाऱ्याला घोंगडी ओलांडावी लागे. आणि वडीलधाऱ्या बाईच्या घोंगडीवरून पाय टाकायला त्या भागातले कोणी धजेना. जालिंदरही टेम्पो कडेला लावून तमाशा पाहायला आला.

"काय पाहिजे तुम्हाला?" सुमितने विचारले.

"त्या रविवारचा फोटू."

"फोटो पब्लिकला दाखवत नाही आम्ही. सिस्टीमचं आहे ते."

"माझ्या गाडीचा हाय म्हनतोस ना? मंग माझी गाडी मला दाखवायला लाज कसली?"

जालिंदर हसला. "दाखवा की साहेब. न्हाईतर म्हातारी संध्याकाळी हितंच चूल मांडंल."

"आजी, रस्ते फुकट होतात का?" सुमित जरा चढ्या आवाजात म्हणाला. "हजारो कोटी लागतात. प्रत्येक जण असा बसला तर रस्ता कोण बांधणार?"

"रस्ता झाला ते ब्येस झालं, लेका. डांबर आभाळातून पडत न्हाई, मला ठावं हाय. माझ्या दिराचं अर्धं रान ह्याच रस्त्याखाली हाय. खालचा सर्विस रोड तेवढा तुमचा अजून कागदावरच हाय, आन् माझी मेंढरं ट्रकाच्या तोंडातून पलीकडं जात्यात. तरीबी चाललो त्याचं देतो. आजवर एक डाव बुडवलं असंल तर सांग. पन चाललो न्हाई त्याचं देनार न्हाई. आन् वर खोटी म्हनून घेनार तर त्याहून न्हाई."

सुमितने घड्याळाकडे पाहिले, घोंगडीकडे पाहिले, जमलेल्या सात-आठ डोक्यांकडे पाहिले. मग संगणकाचा पडदा दाराच्या दिशेने फिरवला.

चित्र उघडले. पांढरा पिकअप. मागच्या हौद्यात मेंढरे. नंबराच्या पाटीवर वाळलेला चिखल.

"आता बोला," सुमित म्हणाला. "गाडी पांढरी, आत मेंढरं. नंबर तुमचा."

माऊलीने मान खाली घातली. जालिंदरसुद्धा बोटाने गालावरची धूळ खाजवू लागला. कुशाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, पडद्याजवळ गेली, आणि मंदिराच्या गाभाऱ्यात डोळे स्थिरावू द्यावेत तशी क्षणभर थांबली.

"ते कडंचं मेंढरू. मान भाईर काढलेलं. त्याचा कान मोटा कर."

"कान?"

"व्हय. कान."

सुमितने चित्र मोठे केले. मेंढराचा उजवा कान पडद्यावर पसरला. त्याचे टोक मधोमध चिरलेले होते.

"हे मेंढरू माझं न्हाई," कुशाबाई म्हणाली.

"म्हणजे? मेंढरांवर काय नाव लिहिलेलं असतं?"

"व्हय, लिवलेलं असतंय. तुला वाचता येत न्हाई. चल, भाईर ये."

तिने घोंगडीचा कोपरा दुमडून त्याला वाट दिली आणि पिकअपपाशी नेले. अकरा कोकरांतल्या एकेकाचा डावा कान तिने बोटांत धरून त्याच्यासमोर केला, आणि प्रत्येक वेळी त्याचेच बोट त्या खाचेवर ठेवले. एक कान. दुसरा कान. तिसरा कान. इस्त्रीच्या शर्टाला लोकर चिकटली. अकरावा कान होईपर्यंत सुमितच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला होता.

"आमचा डावा, खाली खाच. त्यो उजवा, टोकाला चीर. माजी सासू, तिची सासू, सगळ्यांची खाच हीच. मी दुसऱ्याचं मेंढरू माज्या गाडीत घालीन, आसं ह्या माळावरचं कुत्रंबी म्हननार न्हाई."

सुमित आत गेला. या वेळी त्याने कान सोडून पाटी मोठी केली. चिखलाखालून शेवटच्या आकड्याची फक्त एक बाजू दिसत होती. त्या गाडीच्या काचेवरचे टोलचे स्टिकर यंत्राने वाचलेच नव्हते. खिडकीतल्या कोणीतरी पाटी बघून आकडा अंदाजाने भरला होता. त्याने हे हळू आवाजात सांगितले, पण दारातल्या सगळ्यांनी ऐकले.

"मग हे मेंढरू कोणाचं आहे?" त्याने विचारले. "तुम्हाला खूण माहीत असेल ना? सांगा, त्याच्याकडून वसूल करतो."

कुशाबाईला खूण माहीत होती. घरही माहीत होते, घरधनीही माहीत होता.

"मी वळखते. पन सांगनार न्हाई. त्यो तुझ्या म्होरनं गेला, तू त्याला बघितलं न्हाईस. चूक तुझी, राखन मी का करू?"

जालिंदरने टाळी दिली माऊलीला. आणि माऊलीने, त्या दिवशी पहिल्यांदा, मान वर केली.

"ठीक आहे, आजी," सुमित म्हणाला. "झाली आमची चूक. आजचा टोल राहू द्या, तशाच जा."

हाच तो क्षण, जिथे पुष्कळ शहाणी माणसे हात जोडून निघून गेली असती. कुशाबाई हलली नाही.

"आजचा घे. आज मी ह्या रस्त्यानं आले, परत ह्याच रस्त्यानं जानार. फुकटचं मला नको, तसं माजं फुकटचं तू ठेवू नको. कागुद घे आन् लिव: त्या रविवारी कुशाबाईची गाडी हितं न्हवती. कुशाबाई खरं बोलली. खाली सही कर, शिक्का मार."

"पहिलं लिहितो. दुसरं वाक्य ऑफिसच्या कागदावर बसत नाही, आजी."

"माझ्या लेकाला खोटं म्हनताना तुमच्या त्वांडात बसलं व्हतं."

सुमितने पेन उचलले. त्याने दोन्ही वाक्ये लिहिली, मोनिकाच्या तक्रारीचा क्रमांक वर घातला, पैसे परत करण्याची तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. माऊलीने कागद मोठ्याने वाचून दाखविला. कुशाबाईने तो दुसऱ्यांदा वाचायला लावला, मग चोळीत घडी करून ठेवला.

ती गाडीत चढणार, तोच जालिंदरने खिशातून मोबाइल काढला. "साहेब, माझंबी एक हाय बघा. श्रावणातलं. गाडी ग्यारेजात, इंजन खाली काढलेलं, आन् टोल कापला." त्याच्यामागे कारेगावच्या कंपनीत कामाला जाणारी दोन पोरे आली. मग तो मघाचा ट्रकवाला, मालाची घाई विसरून, ट्रक पुढे कडेला लावून परत आलेला: "भैया, मेरा भी डबल कटा है."

माऊली घोंगडी उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," कुशाबाई म्हणाली. "ह्यांना बसायला लागंल. बाजारातनं येताना नेऊ."

पिकअप रांगेत लागला. यंत्राने स्टिकर वाचले, टोल कापला, मोनिकाच्या मोबाइलवर न्हावऱ्यात संदेश वाजला, आणि आडवा दांडा वर गेला. कुशाबाईने त्याखालून जाताना मान जराही वाकविली नाही.

उन्हे उतरता उतरता ते परतले, तेव्हा घोंगडीवर नऊ जण बसले होते. काठावर जागा करीत जालिंदर म्हणाला, "मावशे, टोमॅटो सगळं गेलं. पन फोटू बघूनच उठनार." कुशाबाईने घोंगडीकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि माऊलीला म्हणाली, "चल. घरात दुसरी हाय."