आई पाणी का पीत नव्हती

गेल्या वर्षी आमच्या घरात रोज सकाळी एकच प्रश्न असायचा, "आये, झालं का?" आणि त्याला आईचं एकच उत्तर असायचं, "तुला काय करायचंय?"

मला काय करायचंय म्हणे! दर एकवीस दिवसांनी तिला पाथर्डीहून नगरला किमोला नेणारा मी, आणि डॉक्टरांसमोर मान खाली घालून उत्तरं देणाराही मीच. आईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं आणि पुढं सहा किमो लागतील असं सांगितलं. ऑपरेशन तिनं मुकाट सोसलं. डोक्यावरचे केस गेले तेव्हा पदर घट्ट गुंडाळून म्हणाली, "बरं झालं, रोज इंचरायचा ताप गेला." पण पोटाचा विषय काढला की बाई एकदम मुकी.

नगरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी सगळं नीट समजावलं होतं. उलटीच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, म्हणून पाणी भरपूर प्यायचं. सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी. रोज थोडं चालायचं. कळ आली की लगेच जायचं, दाबून धरायचं नाही. दोन दिवस झालं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करायचा. "आणि आजी, लाजायचं नाही बरं का," असंही त्या म्हणाल्या. आईनं इतकी शहाण्यासारखी मान डोलावली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिसऱ्या किमोनंतर सगळं उघडं पडलं. आईनं भाकरी सोडली, मग चहाही सोडला, आणि पोटावर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं कबूल केलं, "आजचा धरून सहा दिस झालं." सहा दिवस! आणि रोज सकाळी हिचं आपलं "तुला काय करायचंय" चालू होतं.

शेजारची मावशी लगेच एरंडेलाची बाटली घेऊन हजर. वर साबणाचा तुकडा लावायचा सल्ला. मी सिस्टरना फोन लावला तर त्यांनी आधी मलाच झापलं. "काही पाजू नका आणि खालून तर काहीच लावू नका. पांढऱ्या पेशी कमी आहेत, इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन या." तिथं दोन दिवस ठेवून घेतलं, औषध दिलं, पोट मोकळं झालं. चौथी किमो मात्र आठवडाभर पुढं गेली.

परत येताना आई म्हणाली, "बास झालं. आता मला ती सुई नको."

"आये, निम्म्यावर आलोय आपण."

"मग उरलेल्या तू घे."

चेष्टेत बोलली, पण चेष्टा नव्हती ती. आईचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. एकदा नको म्हणाली की तिला बैलं लावून ओढली तरी हलत नाही. मला भयंकर भीती वाटली. गाठीची वाटली नव्हती एवढी त्या "बास"ची वाटली.

मग मी पहारा बसवला. एक लिटरची बाटली तिच्या उशाशी ठेवायची आणि संध्याकाळी बघायची. पहिल्या दिवशी बाटली रिकामी. दुसऱ्या दिवशीही. मी खूश! चार लोकांत सांगितलंसुद्धा, आमची आई आता शिस्तीत पाणी पिते म्हणून. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "जरा तुळशीकडं बघा." तुळशीखाली नुसता चिखल. आणि भर उन्हाळ्यात तुळस काय तरारली होती!

मी तणतणत आत निघालो तर बायकोनं मला दारातच थांबवलं. म्हणाली, तुम्ही नुसतं ओरडाल, मी विचारते. मी भिंतीच्या अलीकडं उभा राहिलो.

"आत्या, खरं सांगा. पानी का पीत न्हाई तुमी?"

आई म्हणाली, "आगं, सवय मोडलीय. पंधरा वर्सं कोपरगावाकडं ऊस तोडला. फडात चौबाजूनं गडी मानसं. पानी पिलं की जावं लागतं, आन बाईमानसानं जायचं कुठं? दिस उगवायच्या आत जाऊन यायचं, ते पुन्हा अंधार पडल्यावर. मधी कळ आली तर दाबायची. म्हून पानीच प्यायचं न्हाई."

"आता घरात संडास हाय की."

"हाय ना. वट्ट्याला लागून हाय. आन वट्ट्यावर तुझा नवरा चार टाळकी घिऊन दिसभर बसतो. त्यांच्या म्होरून जाऊ व्हय मी, बादली घिऊन?"

मला राग आला. माझ्या मित्रांना टाळकी म्हणाली म्हणून. पण पुढचं ऐकलं आणि राग जागच्या जागी थिजला.

"आन नगरला जायचं म्हटलं की आदल्या दिसापास्नंच पानी बंद. त्याच्या जीपचं तुला म्हाईतच हाय. मधी थांबत न्हाई."

हे माझंच वाक्य. पाथर्डी ते नगर काळीपिवळी चालवतो मी, आणि स्टँडवर ओरडतो ते हेच, "चला नगर, मधी थांबत न्हाई!" करंजीच्या आसपास मागून एखादी बाई दबक्या आवाजात म्हणायची, दादा, दोन मिनटं थांबता का? मी आरशात न बघताच म्हणायचो, "आलंच की नगर." शेजारच्या सीटवर बसून आई ते ऐकत असायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला टेकून मी खरंच रडलो.

दुसऱ्या दिवशी बैठक रस्त्यापलीकडं लिंबाखाली हलवली. टाळकी जरा कुरकुरली, पण गेली. संडासाला आतून नवी कडी लावली, दिवा लावला. बायको पहाटे गरम पाणी द्यायची, डॉक्टरांनी दिलेली पावडर पाण्यातून द्यायची, दुपारी पपई. संध्याकाळी आई शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायची आणि आल्यावर असं सांगायची की जणू नगरला चालत जाऊन आली. पोट रोजच्या रोज साफ व्हायला लागलं. मला नाही सांगितलं, बायकोला सांगितलं.

तरी किमोचं नाव काढलं की, "बघू."

तारखेच्या दिवशी मी बोललोच नाही काही. सकाळी स्टँडवर जीप लावली, पॅसेंजर भरले, शेजारची सीट मोकळी ठेवली. आई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ती बाटली. चढून बसली.

तिसगाव गेलं तशी तिनं बाटली उघडली. माझ्याकडं बघत बघत दोन घोट घेतले. मी आपला सरळ रस्त्याकडं बघत होतो. मग आणखी घेतले. जीपमध्ये तुळस नव्हती. करंजी येईस्तोवर बाटली रिकामी झाली. आणि मग, मागे बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "थांबव."

मागून एक जुना पॅसेंजर हसला. "आजी, ही जीप मधी थांबत न्हाई."

मी हॉटेलापुढं जीप बाजूला घेतली. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, संडासही धुऊन घेतला होता. आईनं उतरता उतरता रिकामी बाटली माझ्या मांडीवर टाकली. "बघत काय बसलास? भरून आन."

मी बाटली घेऊन उतरलो. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि एकामागून एक चार बायका खाली उतरल्या, आईच्या मागं निघाल्या. त्यातल्या दोघी किती तरी वर्षांपासून रोज माझ्याच जीपनं येत होत्या.