मेण्याने केलेलं तोंड

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात मेण्या म्हणतो. का, तर नखांत कायम मेण. लग्नाच्या दिवशीसुद्धा होतं. मी सुई घेऊन काढायला बसले होते आणि हा म्हणतो, "ताई, राहू दे गं, नवरीला माहितेय." असला प्राणी! लहानपणी वीज गेली की बाकीची पोरं भुताच्या गोष्टी सांगत बसायची, हा मेणबत्तीचं ओघळलेलं मेण गोळा करायचा. सकाळी खिडकीत समोरच्या दुकानदाराचं डोकं तयार. हुबेहूब, टकलासकट.

अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, यातलं काही म्हणता काही आवडलं नाही. अप्पा कापडाच्या मोठ्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कापड टाकायचं, त्याला आरशासमोर उभं करायचं आणि आपण मागे उभं राहायचं, यात त्यांची हयात गेली. गिऱ्हाईक कापड बघायचं आणि अप्पा स्वतःला बघायचे, असं आई म्हणायची हो, मी नाही. कडक इस्त्री, मिशीला रोज कात्री, भांगातला एक केस इकडचा तिकडे नाही. अशा रुबाबदार माणसाच्या पोटी हा मेण चिवडणारा निपजला. "घोडा झाला तरी बाहुल्या करतो," हे वाक्य आमच्या घरात मीठ लागावं तसं रोज लागायचं. मेण्याला नोकरी लागली तेव्हाही अप्पांनी शेजाऱ्यांना "कारखान्यात असतो" एवढंच सांगितलं. कसला कारखाना, ते गिळलं.

कारखाना खेळण्यांचा. पण पोरांच्या खेळण्यांचा नव्हे. चित्रकथांमधले नायक, खलनायक, राक्षस यांचे वीतभर उंचीचे पुतळे तिथे बनतात. त्यांचे गुडघे वळतात, मान फिरते, पंजे बदलता येतात. चांगली कमावती मोठी माणसं ते विकत घेतात आणि खोक्यातून बाहेरसुद्धा काढत नाहीत. आता बोला! मेण्याकडे तोंडं करायचं काम. तारेवर करड्या मेणाचा गोळा, डोळ्याला भिंग आणि हातात दाताच्या डॉक्टरकडे असतात तसली बारीक हत्यारं. त्यांच्यात एक शिरस्ता आहे. मनाने तोंड करायचं नाही, ते गुळगुळीत होतं, कुणाचंच वाटत नाही. कुणीतरी खरा माणूस डोळ्यांसमोर धरायचा आणि मग त्यातलं नाक, कान, कपाळ असं बदलून टाकायचं, म्हणजे तो माणूस स्वतः समोर आला तरी त्याला पत्ता लागत नाही. माझी हनुवटी एका चेटकिणीला गेलीय, हे मला भावजयीकडून कळलं. मी मेण्याशी बोलणंच टाकलं. मग त्याने ती चेटकीण आणून दाखवली. बरी होती दिसायला, म्हणून सोडून दिलं.

गेल्या वर्षी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं तुटक झालं आणि तोंड उजवीकडून खाली ओघळलं. ओठाचा कोपरा, गाल, डोळ्याखालची कातडी, सगळंच. घास अडकतो म्हणून मिशी काढावी लागली. इस्पितळातून घरी आणायच्या आधी मेण्याने त्यांच्या खोलीतला आरसा उतरवून माळ्यावर टाकला. अप्पांनी आरसा कुठे गेला म्हणून कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे त्यांना आपल्या तोंडाचं काही माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो. शहाणी माणसं ना आम्ही!

दाढी मात्र रोज मेण्याच करायचा. लुळा गाल डाव्या हाताच्या बोटांनी वर ताणायचा, उजव्याने वस्तरा फिरवायचा, मग ओठाचा कोपरा उचलून त्याखालची जागा. अप्पा डोळे मिटून बसायचे. जन्मात एकमेकांशी धड न बोललेली दोन माणसं ती. मी एकदा दारातून बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग ते प्रदर्शन आलं. चित्रकथांच्या शौकिनांचं दरवर्षी मोठं प्रदर्शन भरतं, कंपन्या तिथे आपले नवे पुतळे पहिल्यांदा मांडतात. यंदा नव्या संचातली सगळी तोंडं एकट्या मेण्याची होती. जेवताना तो भावजयीला हे सांगत होता, तर अप्पांनी मान वर केली. "मला... ने," म्हणाले.

"कुठे, अप्पा?"

"तुझ्या... बाहुल्या."

संध्याकाळी मला फोन. "ताई, अप्पा येतायत! तूही ये. एकदा बघू देत त्यांना. एकदा 'चांगलं केलंस' म्हणाले ना, बास, मला दुसरं काही नको." चाळिशी ओलांडलेला बाप्या आणि आवाज शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. मी म्हटलं, "पुतळे झाकून ठेव, तुझ्याच आनंदाने वितळतील." पण माझाही जीव टांगणीला लागला होता. अप्पा तिथे काहीबाही बोलले तर हा पुन्हा उठायचा नाही, हे मला ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट मागून घेतला. त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघं आत शिरलो. काय ती गर्दी! पाठीला पंख, कमरेला पुठ्ठ्याच्या तलवारी, तोंडं निळीहिरवी. एक लाल झग्यातला वीर खुर्चीला वाट करून द्यायला वाकला, तर अप्पांनी डाव्या हाताने त्याचा झगा चिमटीत धरला आणि चोळून बघितला.

"अस्तराचं... कापड," म्हणाले.

वीर ओशाळला. "काय करणार आजोबा, तेच परवडलं."

भावजय फस्कन हसली. अप्पाही हसले, त्यांच्या त्या अर्ध्या तोंडाने. मेण्या तर हवेतच होता. ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "हे माझे वडील. बघायला आलेत." मला वाटलं, चला, पोराची गाडी एकदाची रुळावर आली.

कंपनीच्या दुकानासमोर खुर्ची बघून लोकांनी आम्हाला अगदी पुढे घेतलं. पडदा ओढला, टाळ्या पडल्या. काचेच्या कपाटात नवे पुतळे ओळीने उभे, वाघतोंडी राणी, आंधळा तिरंदाज, आणखी कोणकोण. मधोमध खलनायक आणि मागे फळीवर त्याच्याच तोंडाचा फोटो, दारापेक्षा मोठा.

कान टोकदार होते, नाक चोचीसारखं, कपाळावर शिंग. पण तो ओठाचा कोपरा! तो ओघळलेला गाल, ती डोळ्याखालची कातडी! आमचे अप्पा होते ते. मी मेण्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"ताई," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "शप्पथ, मी आमच्या पहारेकऱ्याला डोळ्यांसमोर धरलं होतं. मेणात तसं काही दिसत नव्हतं गं."

मी त्याला ओळखते, तो खोटं बोलत नव्हता. डोळ्यांसमोर पहारेकरीच असणार. पण हातांनी रोज सकाळी जे तोंड हाताळलं तेच केलं. करडं मेण होतं तोवर ते कुणाचंच नव्हतं. पुढे रंगवणाऱ्यांनी त्याला कातडीचा रंग दिला, पांढरे केस आणि पांढऱ्या भुवया दिल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी अप्पांना कधी पाहिलंही नव्हतं. आणि रंगवलेलं तोंड मेण्याही आजच पहिल्यांदा बघत होता.

"बाहेर काढ आधी त्यांना," मी म्हटलं. पण मागे माणसांची भिंत. तेवढ्यात कंपनीची एक मुलगी हातात माईक घेऊन पुढे आली आणि ओरडली, "चला, कोण करून दाखवतंय याच्यासारखं तोंड? तोंड वाकडं करा आणि बिल्ला मिळवा!"

आणि लागले की सगळे! पोरं, पोरी, पंखवाले, तो लाल झग्यातला वीरसुद्धा. ओठ खाली ओढून, एक डोळा बारीक करून, लाळ गाळल्याचं सोंग करून. जो तो दुसऱ्याचं बघून खिदळत होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. एकेकाच्या कानाखाली काढावीशी वाटली. पण कुणाच्या काढणार? त्यांनी काय केलं होतं? ज्याने केलं तो माझ्या शेजारी उभा होता, आणि मारायला हात उचलावा एवढाही तो भानावर नव्हता.

मुलगी बिल्ले वाटत वाटत खुर्चीपाशी आली. नजर अर्धी गर्दीवर, अर्धी अप्पांवर. "अरे वा! आजोबांना बघा, आजोबांना! एकदम तंतोतंत! आजोबा जिंकले!" असं म्हणत तिने वाकून अप्पांच्या खिशावर बिल्ला टोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी..." अप्पा म्हणाले. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही, मला गेलं. "मी काही... केलं नाही."

"लाजू नका हो आजोबा!" असं म्हणून तिने नीट बघितलं, आणि तिचा माईक खाली आला. तोंडं कोण करतं हे तिला ठाऊक होतं. तिची मान वळली ती सरळ मेण्याकडे, तो काचेपाशी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. लाज भावाची वाटत होती, टाळ्या वाजवणाऱ्यांची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त, त्या घटकेला अप्पांच्या तोंडाकडे बघायची मलाच लाज वाटत होती.

भावजयीने कोपर मारून वाट केली. खुर्ची मी ढकलली. मेण्या मागून येत होता, चार पावलं सोडून, पोलिसाने धरून आणल्यासारखा. बाहेर उताराच्या कडेला सावली होती, तिथे थांबलो. भावजय गाडी बघायला गेली.

"मेण्या," अप्पांनी हाक मारली. "पुढे ये."

तो पुढे आला आणि खुर्चीसमोर उकिडवा बसला, नजर फरशीवर.

"काम... चांगलं आहे तुझं," अप्पा म्हणाले. एकेक शब्द लावून, सावकाश. "मन लावून... केलंयस."

ज्या वाक्यासाठी पोराने जन्म काढला ते वाक्य आलं, आणि त्याला ते झेलता येईना. त्याचे खांदे हलायला लागले.

"कुणाला... बघून केलंस?"

सांग, मेण्या, सांगून मोकळा हो, असं मला ओरडावंसं वाटलं. नको सांगू, असंही वाटलं.

"आमच्या कंपनीत एक पहारेकरी आहे," मेण्या म्हणाला. "त्याला."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. राग नव्हता. डोळ्यांत पाणीही नव्हतं. कापड परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाचं ते जसं ऐकून घ्यायचे, तसं ऐकून घेतलं त्यांनी. मग चांगला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"त्याला... दाखवू नकोस हो ते," म्हणाले. "वाईट वाटेल त्याला."

"नाही दाखवणार, अप्पा," मेण्या म्हणाला. मान त्याने वर केली नाही.