कबरीतला हात

बर्डीवरच्या टॉकीजमध्ये जुना, स्वस्तातला भूतपट लागला की मी रोज हसायला जातो. यावेळी पुढच्या रांगेतला एक म्हातारा मात्र सारखा मागे वळून आम्हालाच न्याहाळायचा. पाकीटमार असणार! मी पाकीट वरच्या खिशात ठेवू लागलो. पडद्यावर कबरीतून रबरी नखांचा हात वर आला की सगळे खिदळायचे, आणि हा नेमका तेव्हाच एकेक चेहरा निरखायचा.

शेवटी मी दरडावलंच, "काका, काहून पाहून राहिले आमच्याकडं?"

"तो हात माझा हाय गा," तो म्हणाला. "कोणी भेते का, तेच पाहून राहिलो."

थापच असावी. तरी दुसऱ्या दिवशी हात वर आला, तसा मी जोरात किंचाळलो.

म्हातारा पहिल्यांदाच पडद्याकडे वळून निवांत बसला.