वेल्टरवेटांचा कौल

मामा बोटीवरून रजेवर आला की त्याच्या ट्रंकेत साबणाच्या वड्यांखाली मुष्टियुद्धाची इंग्रजी मासिकं असत. साबण आईला, मासिकं मला. मॅट्रिक होऊन मी घरी बसलो होतो. बसलो कसला, ओसरी ते बंदर नि बंदर ते ओसरी अशा येरझारा घालत होतो. या खेपेला मामा मला सोबत मुंबईला नेऊन बोटीवर चिकटवणार होता. आगबोट परवाची. तोवर तोंड मिटून राहायचं, एवढंच माझं काम.

ते मला झेपलं नाही.

वेल्टरवेट म्हणजे धड जड नाहीत, धड हलके नाहीत, असे मधल्या वजनाचे मुष्टियोद्धे. त्यांतला सर्वांत थोर कोण, हे मी जिंकल्या-हरल्या लढतींवरून ठरवून टाकलं होतं. मामाचा लाडका त्यात चौथा आला. हे मी नेमकं जेवताना सांगितलं.

मामाचा घास हातातच राहिला. "चवथो? मेल्या, तेका मी डोळ्यांनी बघलंय!"

"पण मामा, तो कितीदा हरलो ता बघ. माझो पयलो जवळजवळ हरलोच नाय."

"कोणाकडे हरलो, ता बघलंस? आपल्यापेक्षा जड गड्यांकडे. उतारवयात, पोटासाठी. तुझो तो निवडून निवडून मऊ माणसांकच मारता!"

आईने दाराआडून डोळे वटारले. पण माझा पाय पाटावर थयथय करत होता. "मग देवाक विचारूया," मी म्हटलं. "कौल लावूया."

आमच्याकडे सोयरिकीपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळं देवाला विचारतात. वेल्टरवेट तेवढे राहिले होते.

सकाळी गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"पैलवान खंयच्या गावचे?" त्याने विचारलं.

"सायबाच्या," मामा गुरगुरला.

गुरवाने खाकरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हे मामा-भाचे समुद्रापलीकडच्या दोन पैलवानांवरना भांडतत. भाच्याचो पैलवान थोर आसात, तर उजवी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघंही ओरडलो. सवय!

उजवी पडली. मी देवळातच उडी मारली.

मामाने शांतपणे हात जोडले. "देवान सांगल्यान, माका मान्य." मग गुरवाकडे वळला. "आता इलावच तर आणखी एक कौल लाव. ह्या झिलाक बोटीर न्हेव काय?"

गुरवाने नव्या पाकळ्या चिकटवल्या. उजव्या पाकळीकडे मी असा बघत राहिलो, की फुंकर मारता आली असती तर मारली असती.

डावी पडली.

"मामा, परत एकदा लावूया?"

"देवाचो शब्द फिरवतंस? काल तूच म्हणालंस मां, कौल लावूया?"

घरी आईने कपाळावर हात मारला, पण देवापुढे तिचंही चालेना.

दुसऱ्या दिवशी मामाला आगबोटीकडे नेणारी होडी धक्क्यावरून सुटली. मी काठाकाठाने धावत ओरडलो, "मामा, फुडच्या खेपेक तरी?"

"बघूया!" लाटांवरून मामाचा आवाज आला. "तवसर तुझ्या पयल्या नंबराक विचार, तो खंय चिकटवता काय!"