मोठ्या सरांची फाइल सगळ्यात वर

वाटूरजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवं पत्र. त्या वर्षी प्राचार्यांनी तोंडावरच सांगितलं होतं, "प्रॅक्टिकलला घोळ झाला तर पत्राची वाट बघू नका."

आता सर्व्हर एक, अन् त्यावर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवणारे दोघं. मोठे सर तिच्या जुन्या आवृत्तीवर, मॅडम नव्या आवृत्तीवर. सरांनी जुनं टाकलं की मॅडमचे प्रोग्राम झोपायचे, मॅडमनी नवं टाकलं की सरांचे. दोघं एकमेकांशी लई अदबीनं बोलायचे, अन् राग माझ्यावर काढायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मंग मी दोन्ही आवृत्त्या एका सामाईक जागी ठेवल्या. ज्यानं त्यानं आपल्या फोल्डरात एका ओळीची फाइल ठेवायची, मला अमुक आवृत्ती पाहिजे म्हणून. ज्यानं ठेवली न्हाई, त्याला सगळ्यात वरच्या फोल्डरातली फाइल लागू. पोरांची परीक्षा नव्या आवृत्तीवर, म्हणून तिथं मी नवी लिहून ठेवली. त्या वरच्या फोल्डरात माझ्याशिवाय कुणाचा हात जाऊ द्यायचा नसतो, हे मला कळत होतं. पण मोठ्या सरांनी तिथं फाइल ठेवायची परवानगी मागितली, अन् त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांना मनाई करायची माझी काय बिशाद? दिली परवानगी.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक येऊन बसले, पोरांनी प्रोग्राम चालवले, अन् एकाचाही चालेना. मी वरची फाइल उघडली. आत जुनी आवृत्ती, बदलणाऱ्याचं नाव मोठे सर. दुरुस्तीला मिनिटभर लागलं, पण तेवढ्यात प्राचार्य आलेच.

"कुणाचा हा प्रताप?"

सर खिडकीपाशी उभे होते. मी म्हणालो, "माझ्याकडून झालं."

"मग उद्यापासून..."

"त्याला कशाला बोलता?" सर पुढं आले. "फाइल मी ठेवली. मी इथला सगळ्यात सीनियर. लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव वर असतंय, मंग माझी फाइल खाली मॅडमच्या शेजारी कशी ठेवू?"

मॅडमनी पदर तोंडाला लावला. प्राचार्यही सरांचेच विद्यार्थी. "बरं, सर," एवढंच म्हणून ते निघून गेले.

परीक्षा संपल्यावर सर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"माझी वरच्या फोल्डरची परवानगी काढून टाक."

"राहू द्या ना, सर."

"काढ म्हणलं ना."

मी काढली. सरांनी लगेच स्वतः वर फाइल ठेवून बघितली. सर्व्हरनं नकार दिला. त्यांनी पुन्हा एकदा ठेवून बघितली.

"बराबर केलंस," ते म्हणाले, अन् चष्मा पुसत उठले.

त्या वर्षी मला पत्र मिळालं. पण ज्या हातानं सरांची परवानगी काढली, त्याच हातानं ते त्यांना दाखवायला जायचं माझ्यानं झालं न्हाई.